बेल, कान आणि ॲम्प्लिफायर

ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात, आवाज मोजणाऱ्या मीटरवर आणि आमच्या श्रवण-तपासणीच्या आलेखावर एकच एकक छापलेले असते, डेसिबल. त्यातला डेसि म्हणजे दहावा भाग आणि बेल म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. शाळेच्या पुस्तकात हे गृहस्थ एका ओळीत संपतात. टेलिफोन, १८७६, पुढचा प्रश्न. प्रत्यक्षात त्यांचे सारे आयुष्य कानाभोवती फिरत राहिले. घरातल्या म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर बदलावा का, हा प्रश्न घेऊन डॉक्टरकडे कोणी येत नाही; पण तो सोडवायला बेल यांचे चरित्र बरेच उपयोगी पडते, म्हणून आज ते थोडे विस्ताराने.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरोचा. आजोबा आणि वडील दोघेही उच्चारांचे शिक्षक. वडील मेल्व्हिल बेल यांनी दृश्य वाणी नावाची एक चिन्हलिपी तयार केली होती. जीभ, ओठ, घसा यांची ठेवण चिन्हांनी दाखवायची, म्हणजे आवाज न ऐकताही उच्चार करता यावा. आपल्या वर्णमालेतले कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्ग ज्यांनी घोकले आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटायची नाही. आई एलिझा यांची श्रवणशक्ती हळूहळू गेली होती, तरी त्या पियानो उत्तम वाजवत. ऐकण्याच्या नळीचे तोंड पियानोच्या लाकडी फळीवर टेकवायचे, दुसरे टोक कानात धरायचे आणि वाजवायचे. घरी येणारे लोक त्या नळीत ओरडत. लहानग्या अलेकच्या मात्र लक्षात आले की आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत, सावकाश बोलले तर तिला अधिक नीट कळते. हे निरीक्षण लक्षात ठेवा. बहिऱ्या माणसाशी कसे बोलावे हे पन्नाशीतल्या मुलांना आणि सुनांना मी आजही रोज सांगतो, आणि रोज कोणी तरी आजोबांच्या कानात ओरडतच असते.

धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ मध्ये क्षयाने गेला, थोरला मेल्व्हिल १८७० मध्ये, तोही क्षयाने. कोख यांना क्षयाचा जंतू सापडायला अजून १२ वर्षे होती. हवापालट हाच तेव्हा उपाय. उरलेल्या एकुलत्या मुलाला घेऊन आईवडिलांनी घरदार मोडले आणि त्याच वर्षी कॅनडातले ब्रँटफर्ड गाव गाठले. पुढच्या वर्षी, १८७१ मध्ये, अलेक बॉस्टनला मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागला. तिथल्या विद्यार्थ्यांमध्ये पुढे मेबल हबर्ड नावाची मुलगी आली. पाचव्या वर्षी स्कार्लेट फिव्हर होऊन तिचे दोन्ही कान गेले होते. १८७७ मध्ये दोघांचे लग्न झाले तेव्हा बेल यांनी टेलिफोन कंपनीतले आपले शेअर्स, दहा सोडून सगळे, तिच्या नावावर करून दिले.

या मधल्या काळात १८७४ चा उन्हाळा येतो. माझ्या मते बेल यांच्या आयुष्यातला सर्वांत रंजक भाग हाच. आवाजाच्या लहरी डोळ्यांना दिसल्या तर बहिऱ्या मुलांना आपला उच्चार स्वतः तपासता येईल, असे त्यांना वाटत होते. बॉस्टनचे कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना सुचवले की यंत्र बनवण्यापेक्षा खरा कानच का वापरत नाही? आणि मृतदेहातला एक कान मिळवूनही दिला. बेल यांनी त्याच्या आतल्या हाडाला गवताची काडी चिकटवली, काडीचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवले आणि कानात बोलू लागले. काचेवर आवाजाची नागमोडी रेघ उमटली.

मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्ही जे पाठ करतो ते बेल यांना तिथे डोळ्यांनी दिसले. कानाचा पडदा कागदाहून पातळ, पण तो त्याच्यापेक्षा कितीतरी जड अशी तीन हाडांची साखळी हलवतो. पडद्याचे कामाचे क्षेत्र साधारण ५५ चौरस मिलिमीटर, आणि ज्या खिडकीवर शेवटचे हाड टेकते ती सुमारे ३ चौरस मिलिमीटर. एवढ्या मोठ्या जागेवरचा दाब एवढ्याशा जागेत उतरतो, त्यात हाडांची तरफ मदत करते, आणि दाब वीस-बावीस पट होतो. वीज नाही, सेल नाही. बेल यांनी विचार केला की एवढा पातळ पडदा जर हाडे हलवू शकतो, तर जरा मोठा पडदा विद्युतचुंबकापुढचा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? टेलिफोनची कल्पना त्या काडीतून निघाली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १४ फेब्रुवारी १८७६ ला अर्ज, ७ मार्चला पेटंट, १० मार्चला शेजारच्या खोलीतल्या सहकारी वॉटसन यांना तारेवरून दिलेली हाक. एलिशा ग्रे यांच्याशी झालेला वाद आणि वर्षानुवर्षे चाललेले खटले यांत मी शिरत नाही. १८८२ च्या जानेवारीत मुंबईतही टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले होते.

पैसा आला आणि बेल पुन्हा कानाकडे वळले. १८७९ मध्ये त्यांनी ऐकण्याची क्षमता मोजणारे यंत्र बनवले, ऑडिओमीटर. त्यांना वैद्यकाची पदवी नव्हती, पण वैद्यकाचा नाद सुटत नव्हता. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात नेमकी कुठे आहे हे सापडेना. क्ष-किरणांचा शोध लागायला १४ वर्षे होती. बेल यांनी धातू शोधणारे एक यंत्र घाईने तयार केले आणि दोनदा अध्यक्षांच्या पलंगाशी जाऊन ते फिरवले. पण गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यामुळे यंत्र नको तिथे बोलू लागले. शिवाय मुख्य डॉक्टरांचा हट्ट, की गोळी उजवीकडेच आहे आणि तिथेच शोधा. शवविच्छेदनात ती डावीकडे सापडली. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत माहीत होऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती, तरी जखमेत न धुतलेली बोटे घालणे चालूच होते. अध्यक्ष १९ सप्टेंबरला गेले, मुख्यतः जंतुसंसर्गाने. त्याच ऑगस्टमध्ये बेल दांपत्याचा नुकता जन्मलेला मुलगा श्वास न जमल्यामुळे दगावला होता. त्या दुःखात बेल यांनी छातीभोवती बसवायचे, हवेच्या दाबाने श्वास घडवून आणणारे धातूचे जाकीट बनवले. पुढे पोलिओच्या साथींत ज्या लोखंडी फुप्फुसांनी जीव वाचवले, त्यांचा हा पूर्वज.

आता एक अप्रिय गोष्ट. १८८३ मध्ये बेल यांनी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्ने केली तर माणसांची एक बहिरी जातच तयार होईल, अशी भीती त्यात होती. अशी लग्ने होऊ नयेत आणि बहिऱ्या मुलांना वेगळ्या शाळांत, खुणांच्या भाषेत वाढवू नये, असे त्यांचे म्हणणे. हेतू चांगला असेलही, पण गणित चुकले होते. बहिरी मुले दहापैकी नऊ वेळा ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. जन्मजात बहिरेपणाला अनेक वेगवेगळी जनुके कारण असतात, त्यामुळे दोन बहिऱ्यांची मुलेही बहुधा ऐकणारी निघतात. पण बेल यांचे वजन मोठे होते, आणि खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करणाऱ्यांना त्यांच्या नावाचा आधार मिळाला. बधिर समाजाने त्यांना अजून माफ केलेले नाही, आणि मला त्यात चूक दिसत नाही. याच माणसाने हेलन केलरच्या वडिलांना योग्य शाळेचा रस्ता दाखवला, आणि तिने आपले आत्मचरित्र त्यांना अर्पण केले, हेही तितकेच खरे.

बेल यांच्या टेलिफोनमध्ये ॲम्प्लिफायर नव्हता. बोलणाऱ्याचा जेवढा दम, तेवढीच वीज तारेत जाई आणि मैलामैलाला विरत जाई. पुढे निर्वात नळी आली आणि विरलेला आवाज वाटेत पुन्हा उचलता येऊ लागला. २५ जानेवारी १९१५ ला न्यूयॉर्कमधून ६७ वर्षांचे बेल बोलले आणि सुमारे ३,४०० मैलांवर सॅन फ्रान्सिस्कोत वॉटसन यांनी ते ऐकले. बेल यांनी ३९ वर्षांपूर्वीची तीच हाक पुन्हा दिली. वॉटसन यांनी कळवले की या खेपेला यायला आठवडा लागेल.

बेल यांना मधुमेह होता. टोरांटोमध्ये पहिल्या रुग्णाला इन्शुलिन टोचले गेले जानेवारी १९२२ मध्ये. पण तेव्हा ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुग्णांपुरतेच बनत होते. त्याच देशात, नोव्हा स्कॉशियातल्या आपल्या घरी, २ ऑगस्ट १९२२ ला बेल गेले. शेवटच्या घटकेला मेबल यांनी सोडून जाऊ नका असे विनवले तेव्हा त्यांनी बोटांच्या खुणेने नाही म्हटले, असे चरित्रकार सांगतात. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले होते. पाच महिन्यांनी मेबलही गेल्या.

त्यांच्या नावाचे एकक त्यांनी पाहिले नाही. टेलिफोन कंपनीचे अभियंते पूर्वी आवाजाची घट तारेच्या मैलांत मोजत. १९२४ मध्ये त्यांनी त्याऐवजी गुणोत्तरावर आधारलेले एकक घेतले आणि १९२८ मध्ये त्याला डेसिबल हे नाव दिले. तारेत आवाज किती विरला आणि ॲम्प्लिफायरने तो किती भरून काढला, हे सांगण्यासाठीच ते जन्माला आले. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. दहापट केली की १०. आणि आपल्या कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट.

एडवणचे एक काका आमच्या ओपीडीत आले ते चक्कर येते म्हणून. साठी ओलांडलेली, समुद्राकडच्या आळीत घर, वाडीत नारळ. केसपेपर लिहिता लिहिता विषय निघाला. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी बोईसरच्या एमआयडीसीत लूम खात्यात काढली. एसटीने सफाळे, तिथून शटलने बोईसर. निवृत्त झाल्यावर घरात जुना डेक, चाळीस वॅटचा ॲम्प्लिफायर आणि उभे स्पीकर यांवर नाट्यगीते आणि सतार ऐकणे एवढाच शौक. पण हल्ली गाण्यात पूर्वीची धार राहिली नाही. आवाज आहे, शब्द कळत नाहीत, सतारीची झणझण गेली. विरारच्या मुलाने लॅमिंग्टन रोडवर चौकशी करून ठेवली होती, शंभर वॅटचा नवा ॲम्प्लिफायर. पैसे निवृत्तीच्या पुंजीतून जाणार होते, आणि काकू त्यावरून बोलत नव्हत्या.

बेल यांचा हिशोब लावू. चाळीसचे शंभर वॅट म्हणजे अडीचपट. डेसिबलमध्ये चार. ऐकू येईल इतका फरक, पण फार नाही. तेही आवाज पूर्ण सोडला तर. एरवी खोलीत बसून गाणे ऐकताना ॲम्प्लिफायर एखाद-दुसऱ्या वॅटवरच चालत असतो. बाकीचे वॅट तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी राखीव. स्पीकर किती कार्यक्षम आहे हे जास्त महत्त्वाचे. एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देणारा स्पीकर काढून ९० वाला लावला, तर ॲम्प्लिफायर न बदलता वॅट दुप्पट केल्यासारखे होते. याहून स्वस्त उपाय खुर्चीचा. चार मीटरवरची खुर्ची दोन मीटरवर आणली तर मोकळ्या जागेत ६ डेसिबल मिळतात, घरात थोडे कमी. उंच स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, म्हणून छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. आणि किनाऱ्यावरच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने बटणे आणि जोडण्या गंजतात. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत असेल तर आधी ते साफ करून घ्यावे. ॲम्प्लिफायर बदलण्याची खरी कारणे दोनच. नेहमीच्या आवाजालाच गाणे फाटत असेल, किंवा खोली फार मोठी आणि स्पीकर आळशी असतील. फाटलेला आवाज छोटा स्पीकर जाळतोही.

काकांच्या बाबतीत मला संशय दुसराच होता, म्हणून ऑडिओग्राम काढायला पाठवले. आलेखात वरची रेघ शून्याची. रेषा जितकी खाली उतरेल तितके ऐकणे कमी. खर्जाच्या बाजूला त्यांची रेषा ठीक होती. मध्यापासून उतार लागला आणि चार हजार हर्ट्झपाशी ती ६० डेसिबलपर्यंत कोसळली. वयाने येणारा बहिरेपणा उंच स्वरांपासून सुरू होतो, पण चार हजारापाशी पडलेला असा खड्डा ही यंत्रांच्या गोंगाटाची सही आहे. दोन्ही कारणे एकत्र आली होती.

कानाच्या आतल्या शंखात प्रत्येक बाजूला सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी असतात. ऐकण्याचे काम आतल्यांचे. बाहेरच्या पेशी आवाज आला की स्वतः लांब-आखूड होतात आणि बारीक आवाज चाळीस-पन्नास डेसिबलांनी उचलून देतात. म्हणजे कानात जन्मतःच एक ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही; तीसेक वर्षांनी कानातून बाहेर येणारे सूक्ष्म आवाज मोजले गेले तेव्हा ती पटली. गोंगाटात आधी मरतात त्या याच पेशी, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही कामाच्या जागेची जपून धरलेली मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. लूम खाते त्याच्या आसपास असते, आणि काका तिथे पाळी करत. (आपल्याकडच्या हळदीतला डीजे त्याहून कमी नसतो, आणि तिथे पाळी पहाटेपर्यंत चालते. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे नियम २००० सालचे आहेत.)

मराठीतले अ, आ, ओ खालच्या स्वरांत असतात. स, श, फ, थ, ट यांची धार वर असते. त्यामुळे ऐकू येते पण कळत नाही. साठ डेसिबलची तूट ॲम्प्लिफायरने भरायची तर दहा लाख पट शक्ती हवी. चाळीस वॅट पूर्ण चालतात असे धरले तर चार कोटी वॅट, म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या १६० मेगावॅटच्या एका जुन्या संचाचा पाव हिस्सा. काका त्यावर मनापासून हसले. आणि तेवढी वीज मिळाली तरी उपयोग नाही, कारण जे खर्जाचे स्वर नीट ऐकू येतात तेही तितकेच वाढतील आणि उरलेल्या पेशी घेऊन जातील. अशा कानाला जास्त आवाज लगेच सहनही होत नाही. मोठ्याने बोला म्हणणारे आजोबा दुसऱ्या क्षणाला ओरडता कशाला म्हणतात, ते यामुळे.

श्रवणयंत्र, म्हणजे लोकांच्या भाषेत कानाचे मशीन, फक्त पडलेले स्वर उचलते आणि मोठे आवाज दाबून धरते. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. ऐपत नसेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्र मिळू शकते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. घरी टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवला जातो अशी तक्रार इतरांनी केली, की तपासणीची वेळ झाली असे समजावे. ॲम्प्लिफायरचा विचार त्यानंतर.

यंत्राची एक अडचण सांगायला हवी. ते बोलण्यासाठी जुळवलेले असते आणि संगीताला बोलणे समजून मोडतोड करते. त्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडून संगीताचा वेगळा प्रोग्रॅम लावून घ्यावा लागतो, आणि तो एका खेपेत जमत नाही. काकांच्या दोन खेपा झाल्या आहेत. नाट्यगीतातले शब्द कळू लागले, काकूंशी बोलणेही सुरू झाले. पण सतार अजून पत्र्यावर नख ओढल्यासारखी वाजते म्हणतात. पुढच्या आठवड्यात यायचे आहेत, येताना तीच कॅसेट आणि डेक घेऊन या असे सांगितले आहे.